‘स्वभावाला औषध नाही’ हे अजून खरं आहे का?

मोहर (धागाकर्ती)

मी पदवीच्या मुलांना मानसशास्त्र शिकवते. व्यक्तिमत्त्वाचं प्रकरण दरवर्षी त्याच क्रमाने येतं: फ्रॉइड, युंग, ऑलपोर्ट, कॅटेल, आयसेंक, शेवटी ‘बिग फाइव्ह’ आणि प्रकरण संपलं. मुलं घरी जाऊन सांगतात, शास्त्रसुद्धा तेच म्हणतं, स्वभावाला औषध नाही. मला हे फार खटकतं. गेली वीस-पंचवीस वर्षं या विषयातलं बरंच संशोधन नेमकं याच प्रश्नावर चाललंय आणि ते आपल्या वर्गापर्यंत आलेलंच नाही.

ज्यांनी हा विषय वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाच गुण मोजतात: बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, शिस्त-जबाबदारी, भावनिक अस्थिरता (काळजी, चिडचिड, पटकन खचणं) आणि नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा. प्रत्येक गुण कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत असतो.

२००६ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्याच माणसांचा माग ठेवणारे ९२ नमुने एकत्र तपासले. सरासरी माणूस वयाबरोबर जास्त जबाबदार आणि भावनिकदृष्ट्या स्थिर होत जातो, आणि हा बदल सगळ्यात जास्त विशी ते चाळिशीत होतो. म्हणजे ‘सोळाव्या वर्षी जो होता तोच साठाव्या वर्षी’ हे सरसकट खरं नाही. २०१७ मध्ये याच गटाने उपचार आणि प्रशिक्षणावरचे २०७ अभ्यास तपासले. साधारण चोवीस आठवड्यांच्या उपचारांत सगळ्यात जास्त बदल भावनिक अस्थिरतेत दिसला, त्याखालोखाल बहिर्मुखतेत.

माझं मत स्पष्ट आहे. ही म्हण आपण माणसाला सोडून देण्यासाठी वापरतो. ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हटलं की त्याला मदत करायची जबाबदारी संपते. तुमचे अनुभव सांगा. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

गावठाण

माझ्या सासऱ्यांना एकदा भेटा. रॉबर्ट्ससाहेब २०८वा अभ्यास हाती घेतील. :)

चिंचगूळ

फार चांगला धागा. आमच्या ऑफिसात दोन वर्षांपूर्वी एचआरने सगळ्यांची ती चार अक्षरांवाली चाचणी घेतली. प्रत्येकाच्या टेबलावर अक्षरांची पाटी लागली. इथवर गंमत होती. पण नंतर एका हुशार मुलीला क्लायंटसमोर पाठवायचं नाही असं ठरलं, कारण तिच्या पाटीचं पहिलं अक्षर अंतर्मुखाचं होतं. ती प्रेझेंटेशन उत्तम करायची, सगळ्यांनी पाहिलेलं होतं, तरी पाटी जिंकली. वर्षभरात तिने नोकरी सोडली. या चाचणीला शास्त्राचा आधार आहे की नाही, कोणी सांगेल का?

अर्धविराम

@चिंचगूळ, माझं काम संख्याशास्त्राचं, त्या बाजूने सांगतो.

युंगने १९२१ मध्ये मांडलेल्या कल्पनांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी ती चाचणी (मायर्स-ब्रिग्ज चाचणी) रचली. दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. ते एक वेळ बाजूला ठेवू. खरी अडचण मोजण्याच्या पद्धतीत आहे. माणसांची उंची मोजली तर बहुतेक जण मध्यम भरतात, अगदी बुटके आणि अगदी उंच थोडे. बहिर्मुखतेचंही तसंच आहे. आता बरोबर मध्यावर रेघ मारून ‘इकडचे उंच, तिकडचे बुटके’ असे दोनच डबे केले तर काय होईल? रेघेजवळच्या दोघांत अर्ध्या सेंटीमीटरचा फरक, पण डबे वेगळे. आणि गर्दी सगळी रेघेजवळच. म्हणून तीच माणसं काही आठवड्यांनी पुन्हा चाचणीला बसली तर बऱ्याच जणांचं निदान एक अक्षर बदलतं.

तुमच्या सहकारी मुलीला पाठवायचं की नाही हे ठरवायला तिची प्रेझेंटेशनं समोर होती. थेट पुरावा हाताशी असताना अक्षरावरून निर्णय घेणं हा अन्याय आहे.

‘प्रकार’ सापडतात का यावर नवं कामही झालंय. २०१८ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने (अमराल, रेव्हेल वगैरे) पंधरा लाखांवर लोकांच्या उत्तरांतून चार गट दाखवले: सरासरी, अबोल, आत्मकेंद्री आणि आदर्श. वर्तमानपत्रांनी ‘माणसांचे चार प्रकार सापडले’ असे मथळे दिले. प्रत्यक्षात त्या चार जागी अपेक्षेपेक्षा थोडी जास्त दाटी आहे, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक माणसं कुठल्याच गटात नीट बसत नाहीत आणि या निष्कर्षावर टीकाही झाली.

सह्यकडा

धागाकर्तीबद्दल आदर ठेवून विरोध नोंदवतो.

१. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकापैकी सुमारे ४० टक्के फरक आनुवंशिक आहे. ही काही लहान गोष्ट नाही.

२. सरासरी वाढली म्हणून क्रम बदलला असं होत नाही. वर्गातला सगळ्यात बेशिस्त मुलगा चाळिशीत सुधारेल, पण बाकीचेही सुधारलेले असतील. तो पुन्हा शेवटीच. आणि हा क्रम वय वाढेल तसा अधिक पक्का होत जातो, हेही रॉबर्ट्सनेच दाखवलंय.

३. उपचारांच्या अभ्यासांत ‘मी बदललो’ हे बहुतेक वेळा माणूस स्वतःच सांगतो. पैसे आणि वेळ घालवल्यावर कोण म्हणेल काही झालं नाही?

म्हण अगदी टाकाऊ नाही. ती माणसाला आहे तसं स्वीकारायला शिकवते. दुसऱ्याला बदलण्याच्या हट्टापायी मोडलेले संसार मी जवळून पाहिलेत.

पिंपळपार

सह्यकडा यांच्या शेवटच्या वाक्याला +१.

मोहर (धागाकर्ती)

@सह्यकडा, तिन्ही मुद्दे वजनदार आहेत. पहिले दोन मला मान्यच आहेत, फक्त त्यांतून ‘औषध नाही’ हे निघत नाही. सगळा वर्ग सुधारला तर त्या शेवटच्या मुलाचं आयुष्य सुधारतंच, क्रमांक कितवाही असो. त्याला कामावर वेळेत पोचता येणं महत्त्वाचं.

तिसऱ्या मुद्द्यासाठी झुरिकचा अभ्यास बघा. मिर्याम स्टीगर आणि सहकाऱ्यांनी तो २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. १,५२३ माणसं, तीन महिने, फोनवरचं एक ॲप. आपल्याला काय बदलायचंय हे प्रत्येकाने स्वतः निवडलं. बहुतेकांना काळजी-चिडचिड कमी करायची होती, शिस्त वाढवायची होती किंवा लोकांत मिसळायचं होतं. ॲप रोज लहानसं काम द्यायचं, आठवण करायचं, दिवसाचा आढावा घ्यायचं. काहींना मुद्दाम महिनाभर थांबवून ठेवलं होतं, म्हणजे तुलना करता यावी. आणि त्यांनी घरच्यांना, मित्रांनाही विचारलं. ज्यांना एखादा गुण *वाढवायचा* होता त्यांच्यातला बदल घरच्यांच्या लक्षात आला. ज्यांना काही *कमी* करायचं होतं त्यांनी स्वतः बदल सांगितला, पण घरच्यांना तो तितका दिसला नाही. तुमची शंका अर्धी खरी ठरते, पण अर्धीच. संपल्यानंतर तीन महिन्यांनीही बदल टिकून होता.

दुसरं, नेथन हडसन आणि सहकाऱ्यांचं २०१९ चं काम. विद्यार्थ्यांना दर आठवड्याला छोटी आव्हानं निवडायची होती: अनोळखी माणसाला नमस्कार करा, उद्याचे कपडे आज काढून ठेवा, अशी. जितकी पुरी केली तितका बदल. नुसती निवडून सोडून दिली त्यांना काही उपयोग झाला नाही. बदलायची इच्छा पुरत नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी मुद्दाम सांगते.

काजूबोंड

मी फोंड्याचा. आमचे काका रोज घरी चार वाक्यांवर पाचवं बोलत नाहीत. गावच्या जत्रेला देवळासमोर मराठी नाटक असतं, त्यात खलनायक तेच करतात. त्या रात्री मांडवाच्या शेवटच्या रांगेतली पोरं घाबरून आईच्या कुशीत शिरतात. मग काका अंतर्मुख की बहिर्मुख?

अर्धविराम

@काजूबोंड, तुमच्या काकांवर या विषयात वीस-तीस वर्षं भांडण झालंय! वॉल्टर मिशेलने १९६८ मध्ये म्हटलं की गुणांवरून एखाद्या प्रसंगातल्या वागण्याचा अंदाज फार कमी येतो, प्रसंगच जास्त ठरवतो. एक पक्ष म्हणे स्वभाव, दुसरा म्हणे परिस्थिती.

ते विल्यम फ्लीसनने २००१ मध्ये फार सुंदर सोडवलं. लोकांना दिवसातून अनेकदा, काही दिवस सलग विचारलं: आत्ता, या तासाभरात तुम्ही किती बोलके होतात, किती शिस्तीत होतात? एकच माणूस आठवड्याभरात जवळजवळ सगळ्या पट्टीवर फिरून येतो. अबोल माणूस काही तास चांगलाच बोलका असतो. पण त्याच माणसाची एका आठवड्याची सरासरी दुसऱ्या आठवड्याशी कमालीची जुळते. स्वभाव म्हणजे त्या फिरण्याचा मध्य. आता बरेच संशोधक फोनवरून असे दिवसभराचे नमुने घेतात, एकदा प्रश्नावली भरून घेण्यावर थांबत नाहीत. मला नव्या दिशांपैकी ही सगळ्यात मोलाची वाटते.

काका अंतर्मुखच. वर्षातल्या एका रात्री पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन येतात.

काजूबोंड

काकांना वाचून दाखवलं. “बरें,” म्हणाले. एवढंच.

शेवंती

बरेच दिवस नुसतं वाचत असते, आज लिहिते. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. अबोल आहे, दोन मैत्रिणी आहेत, चित्रं काढते. नातेवाईक आले की ‘ही माणूसघाणी आहे’, ‘हिला जरा शिबिराला घाला’ असं तिच्यासमोर बोलतात. मोहरताई, तुमचा धागा वाचून मला धीर यायच्या ऐवजी काळजी वाटली. उद्या कोणी म्हणेल, आता शास्त्रच सांगतं बदलता येतं, मग बदल की! माझ्या मुलीत बदलण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

मोहर (धागाकर्ती)

शेवंतीताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्या मुलीत दुरुस्त करायचं काही नाही. अबोल असणं आणि घाबरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तिला लोकांत जायचंय पण छातीत धडधडतं, शाळेत जावंसं वाटत नाही, असं असेल तर ती भीती आहे आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. तिला दोन मैत्रिणी आणि चित्रं पुरत असतील तर तो तिचा स्वभाव आहे, तो छान आहे.

मी सांगितलेल्या दोन्ही प्रयोगांत काय बदलायचं हे *त्या माणसाने स्वतः* निवडलं होतं. आत्यांनी आणि मामांनी निवडलेलं नव्हतं. तिच्यासमोर तिच्यावर शिक्का मारणाऱ्यांना तुम्ही तिथल्या तिथे थांबवा. नातं दुखावलं तरी चालेल.

चिंचगूळ

शेवंतीताई, मी स्वतः अशीच मुलगी होते. तिच्या चित्रांबद्दल तिला विचारा, ती तासभर बोलेल.

पिंपळपार

वेगळा मुद्दा. हे पाच गुण नक्की कोणाचे? ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द काढले, पुढच्या लोकांनी ते गाळत गाळत पाचावर आणले, आणि पुढचे बरेचसे अभ्यास अमेरिकी-युरोपीय विद्यार्थ्यांवर झाले.

२०१३ मध्ये मायकल गर्वेनच्या गटाने बोलिव्हियाच्या जंगलात शिकार आणि शेती करणाऱ्या त्सिमाने लोकांत ६३२ प्रौढांना हेच प्रश्न विचारले. पाच गुण आलेच नाहीत. दोन ढोबळ गट दिसले: लोकांशी चांगलं वागणं आणि कष्टाळूपणा. २०१९ मध्ये आणखी मोठं काम झालं, २३ अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या समोरासमोरच्या मुलाखतींवर. प्रश्नांची पाच गटांत नीट विभागणीच होत नव्हती. त्याच देशांतल्या, इंटरनेटवर आपणहून चाचणी देणाऱ्या लोकांचा डेटा मात्र बराच बरा होता. म्हणजे शिकलेल्या, इंटरनेटवरच्या माणसांवरून आपण सगळ्यांबद्दल बोलतोय.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका सर्वेक्षणासाठी मराठवाड्यात घरोघर फिरलो. ‘मी शांत स्वभावाची आहे’: हो. ‘मला पटकन राग येतो’: हो. एकाच बाईंची दोन्ही उत्तरं. दारात पाहुणा आलाय, कागद घेऊन बसलाय, त्याला नाही कसं म्हणायचं? २०१९ च्या अभ्यासातही हे ‘हो’ला ‘हो’ एक मोठं कारण निघालं.

वाटसरू

आपल्याकडे सत्त्व, रज, तम हे हजारो वर्षांपासून आहेच. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर माणसाच्या जेवणावरूनसुद्धा सांगितलंय. पाश्चात्त्यांनी आता शोध लावला म्हणून कौतुक कशाला?

पिंपळपार

@वाटसरू, त्रिगुणांचा विचार मोठा आहेच, मलाही तो जवळचा वाटतो. पण विचार मांडणं आणि तो माणसांवर तपासून पाहणं, दोन्ही लागतं. ते काम झालंय, अभिमान बाळगायचा तर त्याचा बाळगू. जितेंद्र सिंह, गिरीश्वर मिश्र आणि डच संशोधक दे राद यांनी २०१३ मध्ये हिंदीतली स्वभावविशेषणं गोळा करून लोकांकडून गुण देवविले. जे मोठे गट निघाले ते त्रिगुणांशी जुळणारे दिसले. मराठीत असं काम मोठ्या प्रमाणावर व्हायला हवं. आपल्या बोलींतली विशेषणं घ्या, कोकणातली वेगळी, वऱ्हाडातली वेगळी. एखाद्या विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी जरूर विचार करावा.

गावठाण

विशेषणं गोळा करायला कोल्हापुरात या. एका सकाळच्या मिसळीत शब्दकोश भरेल, पण त्यातली निम्मी छापता येणार नाहीत.

हिमगौरी

मी एडिनबराला राहते. इथल्याच एका अभ्यासाबद्दल सांगते, सह्यकडा यांना आवडणार नाही. :) स्कॉटलंडमध्ये १९५० मध्ये शिक्षकांनी चौदा वर्षांच्या १,२०८ मुलांच्या स्वभावाला गुण दिले होते. २०१२ पासून त्यांचा पुन्हा शोध घेतला आणि त्यांच्यापैकी १७४ जण सामील झाले, आता सरासरी सत्त्याहत्तर वर्षांचे. त्यांनी स्वतःला गुण दिले, आणि त्यांना ओळखणाऱ्या एकेका माणसानेही. त्रेसष्ट वर्षांपूर्वीच्या गुणांशी संबंध जवळजवळ लागला नाही.

सह्यकडा

आवडला, हिमगौरी. पण लहानपणी मोजणारे शिक्षक, म्हातारपणी मोजणारे ते स्वतः किंवा नातेवाईक. मोजणारा बदलला की आकडा बदलतोच. शिवाय १,२०८ मधले १७४ च उरलेत. मधल्या वर्षांत मोजमाप झालं असतं तर मी जास्त विश्वास ठेवला असता. त्रेसष्ट वर्षांत माणूस बराच बदलत असणार हे मात्र आता मान्य करतो. माझा आक्षेप ‘ठरवून बदलता येतं’ याला आहे.

तिरकीरेघ

कोणी डेटाबद्दल बोलत नाहीये म्हणून. २०१५ मध्ये केंब्रिज आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ८६ हजारांवर लोकांचे फेसबुकवरचे लाइक्स आणि त्यांची प्रश्नावलीतली उत्तरं जुळवून पाहिली. दहा लाइक्सवरून संगणक सहकाऱ्यापेक्षा चांगला अंदाज करतो, सत्तरवरून मित्रापेक्षा, दीडशेवरून घरच्यांपेक्षा, तीनशेवरून नवरा-बायकोपेक्षा. २०१८ चं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण (फेसबुकवरच्या कोट्यवधी लोकांची माहिती परवानगीशिवाय राजकीय प्रचारासाठी वापरल्याचं) सगळ्यांना आठवत असेलच. त्या कंपनीचे दावे फुगवलेले होते असं अनेक अभ्यासक म्हणतात, पण लोकांच्या परवानगीशिवाय त्यांचा स्वभाव मोजला जाऊ शकतो हा प्रश्न राहतोच. चिंचगूळ यांच्या ऑफिसातली पाटी निदान दिसत तरी होती.

गावठाण

आता गंभीरपणे. सासऱ्यांवर मी विनोद केला, पण घरात ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हेही चालतं. धाकट्या मेव्हण्यासाठी सध्या तेच चाललंय, आणि ज्या मुलीचा विचार चालू आहे तिची मला मनापासून काळजी वाटते. यावर काही संशोधन आहे का?

मोहर (धागाकर्ती)

आहे, आणि कृपया घरात मोठ्याने वाचून दाखवा. लग्न, घटस्फोट, मूल, पहिली नोकरी अशा घटनांनंतर स्वभाव किती बदलतो यावरचे अभ्यास अलीकडे एकत्र तपासले गेलेत. परिणाम लहान आहेत. त्यातल्या त्यात पहिल्या नोकरीचा थोडा दिसतो. लग्नाच्या भरवशावर कोणाचा रागीटपणा किंवा बेजबाबदारपणा सोडू नका. राग आटोक्यात आणायला समुपदेशक असतात. त्यांच्याकडे *आधी* जाऊ द्या.

कडुलिंब

मी मानसोपचार विभागात समाजसेवक म्हणून काम करते. आमच्या कामात हा धागा फार जवळून लागू होतो. ‘व्यक्तिमत्त्व विकार’ हे निदान फाइलवर लागलं की पूर्वी कर्मचाऱ्यांचाही सूर बदलायचा. ही केस सुधारणारी नाही, असा.

जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं नवं वर्गीकरण, आयसीडीची अकरावी आवृत्ती, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात जुने वेगवेगळे प्रकार जवळजवळ सगळे काढून टाकले. आता आधी त्रास किती तीव्र आहे ते पाहायचं: सौम्य, मध्यम, तीव्र. मग लागलं तर कोणते गुण ठळक आहेत ते नोंदवायचं, जसं सतत नकारात्मक भावना, लोकांपासून तुटलेपण, उतावळेपणा, अतिरेकी काटेकोरपणा. अर्धविराम यांनी डब्यांबद्दल लिहिलं तेच इथे झालं. शिवाय तीव्रता वेळेनुसार कमी होऊ शकते हे त्यात गृहीतच आहे. तीव्रवरून सौम्यवर आलेला रुग्ण आता कागदावर तसा दिसतो. मी अशा रुग्णांना पुन्हा कामाला लागताना, आईशी पुन्हा बोलायला लागताना पाहिलंय. सह्यकडा, ठरवून बदल होतो. कष्टाने होतो, वर्षं लागतात, मध्ये घसरण होते, पण होतो.

सह्यकडा

कडुलिंबताई, तुमच्या अनुभवापुढे मी आकडे ठेवणार नाही. एकच विचारतो. झुरिकचा बदल तीन महिने टिकला. पाच वर्षांनी?

मोहर (धागाकर्ती)

ठरवून केलेल्या बदलाचा इतक्या लांबवर माग ठेवलेले अभ्यास फार थोडे आहेत. रॉबर्ट्सच्या २०१७ च्या आढाव्यात उपचार संपल्यावर निदान काही काळ बदल टिकल्याचं दिसतं. पाच-दहा वर्षांचे अभ्यास व्हायलाच हवेत, तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी आहे.

शेवंती

मुलीला धाग्यातलं काजूबोंड यांच्या काकांचं वाचून दाखवलं, खूप हसली. तिला स्वतःची चाचणी करून बघायचीय. फुकट आणि भरवशाची कुठली आहे का?

अर्धविराम

@शेवंती, ‘इंटरनॅशनल पर्सनॅलिटी आयटम पूल’ शोधा. लुईस गोल्डबर्ग यांनी सुरू केलेला प्रश्नांचा संग्रह आहे, तीन हजारांवर प्रश्न, कोणालाही मोफत वापरता येतात. त्यावरच्या बऱ्याच चाचण्या नेटवर आहेत. प्रश्न मोठ्यांसाठी लिहिलेत, तेव्हा सोबत बसा. ‘तुम्ही अमुक प्रकारच्या आहात’ असं सांगणारी साइट असेल तर बंद करा. पाच आकडे देणारी हवी. आणि ते आकडे नातेवाईकांना दाखवू नका.